लहानपणी गालफुगी झाली होती का?

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. आईपाशी नाही, भावापाशी नाही, बायकोपाशी तर नाहीच. तुम्हालाच काऊन सांगतोय, तेही मला नीट कळत नाही. तुम्ही आमच्या सोनाळ्याचे नाही, उद्या पारावर भेटणार नाही — एवढंच असेल कदाचित.

आमच्याकडे पेरणीच्या पहिल्या दिवशी घरची बाई ओटीत बियाणं घेते आणि तिफणीमागच्या नळीत दाणे सोडत पहिलं तास, म्हणजे पहिली ओळ, पेरते. लग्नानंतर ते काम माझ्या बायकोकडे, सुनंदाकडे आलं. काय हात होता तिचा — दाणा कुठे दाटला नाही की कुठे विरळ पडला नाही. तास उगवून आलं की मी बांधावर नुसता बसून राहायचो. वर सातपुडा निळा, खाली कोंब हिरवे, आणि त्यांच्यामधून चालत येणारी ती. अजूनही झोपेत मला हेच दिसतं. स्वप्नात तिच्या ओटीतलं बियाणं संपतच नाही.

मग मूल होईना. एका वर्षी आईनं तिच्या ओटीतलं बियाणं काढून धाकट्या भावजयीच्या ओटीत घातलं. "लेकुरवाळीचा हात लागू दे," म्हणाली. सुनंदा पाण्याची कळशी घेऊन शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसली. मी बैलांच्या कासऱ्याशी चाळा करत राहिलो.

मला तेव्हा काही माहीत नव्हतं का? — इथंच तर अडतोय मी. माहीत होतं.

शाळेत होतो, मिसरूड फुटत होतं, तेव्हा मला गालफुगी झाली. दोन्ही गालांना गेरू लावलेला. तापात घराचं आढं पाण्यात असल्यासारखं हलायचं. वाटायचं, डोंगर हळूहळू अंगणात येऊन बसलाय आणि माझ्याकडे बघतोय. त्या ग्लानीतच सूज खाली उतरली. कुठे, ते समजून घ्या. बापानं गरम मिठाची पुरचुंडी हातात दिली. "कोणाले सांगू नको," एवढंच बोलला. मी नाही सांगितलं, पण का सांगायचं नाही ते कळलं होतं.

पुढे मुलासाठी आम्ही दोघं खामगावला दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई फार मायेनं विचारायच्या. झोप, जेवण, चहा, जुनी दुखणी. मग माझ्याकडे वळून — तंबाखू, खर्रा काही? नाही, म्हणालो. पायरीखाली खर्रा थुंकून, चूळ भरून आत आलो होतो. सुनंदाला ते ठाऊक होतं. मग त्यांनी विचारलं, लहानपणी गालफुगी झाली होती का, सूज खाली उतरली होती का? हे मात्र सुनंदाला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, नाही.

त्यांनी सांगितलं की अशा सुजेनं पुरुषात कमतरता येऊ शकते, तंबाखूनंही येते. आधी नवऱ्याची तपासणी करू, ती सोपी असते. मी एकट्यानं खामगावला गेलो. दवाखान्यात गेलोच नाही. एसटी स्टँडवर भजी खाल्ली, गाड्या बघत बसलो, आणि घरी येऊन सांगितलं, "माह्यं सगळं बरोबर आहे." तुम्हाला काय वाटतं, ती रडली असेल? खूश झाली हो ती. "बरं झालं, तुमच्यात तरी काही नाही," म्हणाली.

पुढचं सगळं तिच्या अंगावर गेलं. सुया, गोळ्या, पिशवीची ती तपासणी — परतताना गाडीत ती पोट धरून वाकून बसली होती. कोणीतरी म्हणालं म्हणून चहा सोडला, उपास धरले. मी खर्रासुद्धा सोडला नाही. मला भीती होती. कशाची — मूल होणार नाही याची? नाही. गावात कोणी माझ्याकडे बघून हसेल, याची. खरं बोललो असतो तर उपाय निघाला असता. नसताही निघाला. ते आता कळायचं नाही.

यंदा पुतण्याची बायको सुनंदाजवळ येऊन बसली. लग्नाला दोन-तीन वर्षं झालीत, अजून काही नाही. पुतण्या दारात उभा, गालात खर्रा. सुनंदानं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. "आधी तूच तपासून घे बाई. आमच्या वेळी माह्यातच होतं, यायच्यात काही नव्हतं. तरी यायनं मले सोडलं नाही." आणि बाजेवर बसलेल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "हो ना हो?"

मी म्हणालो, "हाव."

दुसऱ्या दिवशी ती पोरगी एकटीच खामगावच्या गाडीत बसली.