दोन गाण्यांमधलं बोलणं

थंडर चिबेसाच्या थडग्यावर अखेर दगड बसला, त्या दुपारी कासोंडे नको ते बोलून गेला. एरवी तो बोलघेवडा माणूस नव्हे. तांब्याच्या भट्टीनं छाती भरून टाकल्यापासून वाक्य अर्ध्यावर सोडून खोकत बसणं, हेच त्याचं बोलणं झालं होतं. पण नशिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचा, गरम गोळा कोंबडीच्या रश्श्याबरोबर पोटात गेला, शेजारच्यानं थंडरच्या 'मुकुबा स्मोक' बँडची आठवण काढली, आणि म्हातारा फुलला. चिबेसाचं मला काय विचारता, म्हणाला, अख्खा चिबेसा कॅसेटींत भरून माझ्या पलंगाखाली आहे. डोक्यापासून पायापर्यंत.

थंडरची लेक मुताले तेव्हा गुडघे टेकून पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत होती. तिनं हातातला जग खाली ठेवला आणि वडीलधाऱ्यांच्या नावामागं लावायचं 'बा' लावून विचारलं.

“बा कासोंडे, त्यात ते बोलतात का?”

“बोलतो म्हणजे? गातो, किंचाळतो, गिटार रडवतो.”

“गाणी आहेत माझ्याकडं. गाण्यात ते इंग्रजीत असतात, आणि सारखे कुणावर तरी चिडलेले. मला त्यांचं साधं बोलणं ऐकायचंय. बेम्बातलं. मीठ दे, दार लाव, असलं काहीतरी.”

बाप गेला तेव्हा मुताले रांगत होती आणि आई त्याच्या मागोमाग गेली, हे साऱ्या लुआन्श्या गावाला ठाऊक होतं. 'बघून सांगतो' एवढंच म्हणायला हवं होतं. कासोंडे म्हणाला, “पोटभर बोलतो की. महिनाअखेरच्या रविवारी ये, ऐकवतो.” आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मुतालेच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, ते बघून त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. तो अभिमान घराच्या अर्ध्या वाटेपर्यंत टिकला.

अर्ध्या वाटेवर बायको बोलली. थोरल्या लेकराच्या, म्विलाच्या, नावानं सगळे तिला बाना म्विला म्हणत, आणि नवऱ्याला बाशि म्विला.

“बाशि म्विला,” ती म्हणाली, “तुम्ही तर गाणं संपलं की बटण दाबायचा.”

तो रस्त्यातच थांबला. खोकला आला म्हणून, असं त्यानं दाखवलं.

तरुणपणी कासोंडेच्या आयुष्यात दोनच गोष्टी होत्या, भट्टी आणि मुकुबा स्मोक. भट्टी पाळीभर त्याच्यावर गुरगुरायची. मग खाणीच्या क्लबात हा चिबेसा यायचा, खाली बूट झाकतील एवढी रुंद विजार घालून, आणि गिटारची वायर एका दूधपावडरच्या डब्याला जोडायचा. मेलेल्या रेडिओच्या सामानातून त्यानं तो बॅटऱ्यांवर चालणारा डबा स्वतः बनवला होता. भट्टीची तीच गुरगुर त्या डब्यातून निघायची, फक्त आता ती माणसाच्या ताब्यात असायची. एकेक गाणं इतकं लांबायचं की माणूस बाहेर जाऊन भाजलेलं मांस खाऊन परत यावा, तरी ते आपलं तिथंच गोल गोल फिरतंय. डोळे मिटले की क्लबाच्या भिंती वितळताहेत असं कासोंडेला वाटे. वितळणं म्हणजे काय हे त्याला धंद्यानं ठाऊक होतं, त्यामुळं या बाबतीत त्याचं मत गावात मानलं जाई.

बँडच्या तबकड्याही निघाल्या, पण तबकडीवरचं गाणं सुरू होतंय तोवर संपायचं. क्लबातलं गाणं हवं असेल तर ते चोरूनच आणावं लागे. शेजारच्या देशात लढाई चाललेली, रात्री दिवे बंद, म्हणून बँड दुपारीच वाजायचा. कासोंडे पाळी संपवून तसाच यायचा, बुटांवर भट्टीची धूळ, हातात पावाची पिशवी, पिशवीत कॅसेटचं यंत्र आणि वरून बायकोचं कमरेला गुंडाळायचं चितेंगे. बँडच्या मॅनेजरला यंत्र दिसलं तर तो मानगूट धरून बाहेर काढायचा.

कोऱ्या कॅसेटी मिळत नसत. मिशनच्या दुकानात प्रवचनाच्या मिळत. त्याच आणायच्या, माथ्यावरची भोकं चिकटपट्टीनं बुजवायची, म्हणजे त्यांच्यावर पुन्हा भरता येतं, आणि पाद्र्यावर चिबेसा चढवायचा. आजही कासोंडेच्या संग्रहात कुठल्याही कॅसेटचं भरलेलं संपलं, की मागून पाद्री उगवतो आणि नरकाबद्दल बोलू लागतो. बॅटऱ्यांचं तर त्याहून कठीण. साखर, तेल, साबण यांच्याच रांगेत बॅटऱ्या होत्या, आणि दिवसभर उभं राहून हाती बहुधा साबणही लागत नसे. म्हणून गाणं संपलं की कट्. थंडरनं बोलायला तोंड उघडलं की कट्. त्यात थंडर बोलताना अडखळायचा. गाताना तेल घातल्यासारखा सुरळीत, आणि 'आता पुढचं गाणं' एवढं म्हणायला त्याला इतका वेळ लागे की तेवढ्यात बॅटरी म्हातारी व्हायची. तरुण कासोंडेला त्या बोलण्याचा चक्क राग यायचा.

कॅसेट त्यानं कधी विकली नाही. किट्वेहून, मुफुलिराहून खाणवाले त्याचं दार विचारत यायचे. कॅसेट द्या, कॅसेट न्या, एवढाच नियम. पुढं बँड मोडला. बँडवाले एकामागून एक त्या लांबणाऱ्या आजारानं गेले, ज्याचं नाव मयताच्या घरी कुणी घेत नसे. कासोंडे प्रत्येकाच्या मातीला गेला, प्रत्येक वेळी तोच कोट घालून. मग खाण विकली, मुलं लुसाकाला पांगली, कॅसेटी मागायला येणारेही संपले. पलंगाखालचं ते भांडार बाना म्विला अधूनमधून झाडूनं आणखी आत सारायची, एवढाच आता त्याचा मान.

ते सगळं त्यानं पुन्हा बाहेर ओढलं. वीज असेल तेव्हा ऐकायचं, नसेल तेव्हा पेन्सिल घालून सुटलेल्या फिती ताणून बसवायच्या. काहींना बुरशी धरली होती, काही उन्हानं वाकल्या होत्या. ज्या ऐकू येत होत्या त्यांत गिटारीची शेवटची तार विझायची, कट्, आणि लगेच पुढचं गाणं. पुन्हा तार, पुन्हा कट्. एका ठिकाणी 'आता' एवढा शब्द सापडला. दुसऱ्या ठिकाणी नुसता घसा खाकरल्याचा आवाज, आणि तोही थंडरचाच असेल असं नाही. कासोंडेला स्वतःच्या तरुण अंगठ्याचा इतका राग कधी आला नव्हता. एके काळी ज्यांच्यासाठी जेवण सोडलं ती गाणी आता तो पुढं पळवत होता, आणि संपतात कधी याची वाट बघत होता. रविवार जवळ आला. बायकोनं सुचवलं की निरोप पाठवा, काही सापडत नाही म्हणून. तो म्हणाला, पाठवतो. पाठवला नाही.

या सगळ्या खटाटोपाला प्रेक्षक एकच होता, बाना म्विलाचा भाऊ म्पुंडू. कुंपणापलीकडच्या घरातून तो रोज यायचा, बाकावर बसायचा आणि मेव्हण्याची फजिती शेंगदाण्यांबरोबर चघळायचा. म्पुंडूला गावात म्पुंडू कुणीच म्हणत नसे. त्याचं नाव बॅटरी. हे नाव कासोंडेनंच दिलेलं. तरुणपणी एका दुपारी क्लबात भुकेनं जीव जायला लागला, तेव्हा कासोंडेनं यंत्र म्पुंडूच्या हवाली केलं, गाणं संपलं की बटण दाब म्हणून बजावलं, आणि तो बाहेर मांसाच्या शेगडीपाशी गेला. म्पुंडू एका पोरीच्या मागं बारकडं गेला. मध्यंतर झालं, बँड पुन्हा सुरू झाला, आणि थंडरनं असं काही वाजवायला घेतलं की कासोंडे हातातलं मांस टाकून धावत आत आला. यंत्राचं झाकण उघडं, पोट रिकामं. चारही बॅटऱ्या गायब. ते वाजवणं पुन्हा कधी झालं नाही, आणि ते कुणाकडंच नाही.

म्पुंडूनं आईची शपथ घेतली. कासोंडेनं ऐकलं नाही. तेव्हापासून बॅटरी. ती कॅसेट कासोंडेनं रागानं मक्याच्या पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकली. तिची नक्कल कुणाला दिली नाही, स्वतःही कधी ऐकली नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर मुताले एन्डोलाच्या बसनं आली. साखरेचा पुडा आणला होता, चांगले कपडे घातले होते. बाना म्विलानं मक्याचं आंबट मुंकोयो पुढं केलं, ते तिनं दोन्ही हातांनी घेतलं आणि प्यायलं मात्र नाही. यंत्राकडं बघत राहिली. कासोंडेनं आधी हवापाण्याचं काढलं, मग बसच्या गर्दीचं. शेवटी काढण्यासारखं काही उरलं नाही.

“पोरी, मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “तुझा बाप माझ्याकडं गातो. बोलत नाही. तो बोलायला लागला की मी यंत्र बंद करायचो.”

“का?”

“बॅटरी वाचवायला.”

बाकावरचा म्पुंडू एवढ्या गंभीर वेळीही खुसखुसला. मुतालेनं मान हलवली, जणू बस चुकल्याचं कुणी सांगितलं. नंतर हळूच म्हणाली, असू दे, बा कासोंडे, तुम्ही शोधलंत तरी. त्या 'असू दे'नं त्याला शिवी बसली असती त्याहून जास्त लागलं.

“सगळ्या ऐकल्या?” बाना म्विलानं विचारलं.

“सगळ्या.”

“पिठाच्या डब्यातली?”

“त्यात काय आहे? तुझ्या भावाची चोरी आहे.”

“लावा ना, मुलामु,” म्पुंडू मेव्हण्याला म्हणाला. “चोर कसा असतो ते मलाही एकदा ऐकू द्या.”

कॅसेट लावली. पहिलं गाणं लांबलचक. कुणी हललं नाही. गाणं संपलं. टाळ्या, खुर्च्या सरकल्या, कुणी बाई हसली. कासोंडेचा अंगठा सवयीनं बटणाकडं गेला आणि बाना म्विलानं त्या हातावर चापट मारली. गोंगाट चालूच राहिला. मग पावलं आली, आणि कापड दूर सारल्याचा आवाज.

“हे क-क-कुणाचं?”

“भट्टीवाल्या कासोंडेचं,” दुसरा कुणी म्हणाला.

“तो पावाच्या प-पिशवीवाला? मला वाटायचं, ब-बिचाऱ्याला भूक फार.” हसणं. “माझा डबा म-मेलाय रे. या चार उसन्या घेतो. सांग त्याला. न-नको, तू नको, मीच सांगतो. आणि दोन मुठी शेंगदाणे बाजूला ठ-ठेव, आईला—”

इथं आवाज चढत चढत चिमणीएवढा बारीक झाला आणि संपला. भरता भरता यंत्राच्या बॅटऱ्या उपसल्या की असंच होतं. त्याच्या पाठीवर लगेच पाद्री आला, “आणि म्हणून, बंधूंनो,” म्हणत. कासोंडेनं बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते वेळेवर दाबलं गेलं.

“पुन्हा,” मुताले म्हणाली.

पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ती 'शेंगदाणे' या शब्दाच्या जरा आधीच हसली, जशी माणसं ओळखीच्या गोष्टीला हसतात. मग पदर नसलेल्या बाईनं पुसावेत तसे मनगटानं डोळे पुसले.

“माझा धाकटा असाच बोलतो,” ती म्हणाली. “आम्ही रोज त्याला ओरडतो. बाबांचं मला कुणी सांगितलंच नाही.”

मेलेल्याचं अडखळणं कोण सांगत बसतं, असं कासोंडेला म्हणायचं होतं. पण त्याचं मन त्या क्लबाबाहेरच्या शेगडीपाशी गेलं होतं. मध्यंतरानंतरची ती गुरगुर, जिच्यासाठी तो हातातलं मांस टाकून धावला, जिच्यासाठी तो म्पुंडूशी वर्षभर बोलला नाही, ती त्याच्याच चार बॅटऱ्यांवर वाजत होती. थंडरच्या डब्यात त्या नसत्या तर ती झालीच नसती, आणि यंत्रात नव्हत्या म्हणून उरली नाही. हे त्यानं हळूहळू, खोकत सांगितलं.

मुतालेनं पर्स उघडली. कोपऱ्यावरचं दुकान उघडं असेल, म्हणाली, बाबांच्या चार मी देते.

“तू मध्ये पडू नको,” कासोंडे म्हणाला. “मीच सांगतो, असं तो म्हणालाय. त्याचं तो बघेल.”

कॅसेट त्यानं तिला देऊन टाकली, बदल्यात काही न मागता. बसपर्यंत पोचवायला बाना म्विला गेली. अंगणात दोन म्हातारे उरले, पाद्री यंत्रातून निघून पर्समध्ये गेला होता.

“मुलामु,” म्पुंडू म्हणाला, “बॅटऱ्या त्यानं नेल्या. पण नाव मला पडलं. माझ्या पोरीच्या लग्नात व्याह्यांनी मला बॅटरी म्हणून हाक मारली. तिथं तुम्हीच पुढं बसला होता.”

कासोंडे खोकला. खरंच आला होता की नाही, ते म्पुंडूलाही सांगता आलं नसतं.

“बघू.”

“काय बघू?”

“उद्या सांगतो ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरंच ठरवून कुंपणापाशी गेला. म्पुंडू पलीकडं रताळ्याच्या वाफ्यात कुदळ मारत होता. माफीचं वाक्य तयार होतं, रात्री झोप लागेपर्यंत घोळवलेलं.

“ए बॅटरी,” त्यानं हाक मारली.

म्पुंडूनं वर बघितलं आणि कुदळीवर रेलून वाट बघत राहिला.

“तुझ्याकडं वीज आहे का?”

“नाही.”

“माझ्याकडंही नाही,” कासोंडे म्हणाला, आणि कुंपणाला हात लावून तिथंच उभा राहिला.