फुलात आलेला ताग

आमचा गोठा आता रिकामा आहे. पण माझ्या वडिलांनी, अप्पांनी वळलेली तागाची दावी अजून खुंटीला आहेत. मी ती कुणाला हात लावू देत नाही.

चिंताकीच्या आमच्या रानात विहिरीच्या अंगाला एक पट्टा होता. तिथली कापसाची पऱ्हाटी दरसाल गुडघ्याएवढी व्हायची आणि पिवळी पडून मान टाकायची. बाकी रान कसं हिरवंगार! अप्पांनी त्याचा असा धसका घेतला की पेरणीच सोडली. "माझ्या हाताला यश न्हाई," म्हणायचे आणि बी गड्याच्या ओंजळीत ओतायचे. मला असा राग यायचा! सगळं रान ज्या हातानं पिकवलं, त्यालाच बोल लावायचा?

कमलनगरच्या मेळाव्यात एका कृषी अधिकाऱ्यानं सांगितलं, वाळकं झाड उपटून मूळ बघा. बघितलं, तर मुळाला मण्यांएवढ्या गाठी. डोळ्यांना न दिसणारे किडे मातीतून मुळात शिरतात म्हणे. हिरवा ताग मातीत कुजला की ते मरतात. उपाय सोपा होता: उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर ताग पेरायचा, फुलात आला की नांगरून मातीत गाडायचा, आणि मग पऱ्हाटी लावायची.

ताग डोक्याइतका वाढला, पिवळ्या फुलांनी भरला. अप्पांनी बैल बांधावरच थांबवले.

"फुलातल्या पिकावर नांगर? कामून असलं पाप करायला लावायलीस गं?"

झालं! फुलं गेली, शेंगा धरल्या, ताग निबर झाला. मग अप्पांनी तो कापला, नाल्यात भिजत घातला आणि हौसेनं दावी वळली, कासरे वळले. पट्ट्यात पुन्हा पिवळी पऱ्हाटी. मी तडकले, "आता बांधा त्या पऱ्हाटीला दावं!" अप्पा नुसते आपल्या तळहाताकडे बघत बसले. कुठून बोलले, असं झालं मला.

पुढच्या उन्हाळ्यात ताग फुलला, तेव्हा त्यांनी स्वतः बैल जुंपले. चपला काढल्या, मातीला डोकं टेकवलं आणि नांगराचं पहिलं तास घातलं. ताग कुजल्यावर पेरणीला बी मी त्यांच्यापुढे धरलं. घेईनात. "धरा म्हटलं ना अप्पा!" तेव्हा कुठं ओंजळ पुढं आली.

दसऱ्याच्या सुमाराला भाकरी घेऊन गेले, तर पट्ट्यात पऱ्हाटी कमरेच्या वर, आणि अप्पा खाली बसलेले. बोंडांनी लगडलेलं एक झाड त्यांनी मुळासकट उपटलं होतं. अंगठ्यानं माती पुसत होते.

"बघ पोरी, एक गाठ न्हाई. माझा हात न्हवता गं, माझा हात न्हवता." आणि लहान लेकरासारखे रडले. मीही रडले.

मग त्यांनी ते झाड त्याच खड्ड्यात उभं केलं, माती दाबली, कळशीभर पाणी घातलं.

"अप्पा, न्हाई जगायचं ते आता."

"व्हय, ठावं हाय मला," म्हणाले, आणि दुसरी कळशी आणायला विहिरीकडे गेले.