तिकडे डबिंग नसतं

दुपारचं जेवण आणि तुर्की प्रेमप्रकरण एकावर एक झालं की कुणालाही झोप येणारच. शैलजा टिपणीस स्टुडिओतल्या सोफ्यावर आडव्या झाल्या आहेत. डब्यात वांग्याचं भरीत होतं. ध्वनिमुद्रक जगताप "बाई, हा गेलो आणि हा आलो" म्हणून चहाला गेलाय, म्हणजे तासाभराची निश्चिंती आहे. एसी घुरघुरतोय. काचेपलीकडच्या पडद्यावर एक देखणी बाई तोंड उघडून थांबली आहे, आणि टिपणीसबाईंनी त्या तोंडात शब्द घातल्याशिवाय तिला ते मिटता येणार नाही.

त्या देखण्या बाईचं नाव नेर्मिन. श्रीमंत घरची सून, आणि जीव जडलाय नवऱ्याच्या धाकट्या भावावर, केरेमवर. तुर्कस्तानात हे चालतं. निदान मालिकेत तरी. आपल्या मराठी वाहिनीच्या बैठकीत मात्र 'दीर-भावजय' हा शब्द निघाल्याबरोबर सगळ्यांच्या हातातली बिस्किटं चहात पडली. बरेच घसे खाकरून झाल्यावर ठरलं, की मराठीत केरेम हा नवऱ्याच्या कारखान्याचा मॅनेजर. तोंडं तीच, शब्द दुसरे. त्यामुळे मूळ मालिकेत केरेम "भाऊ आपला जीव घेईल" म्हणून रडतो, तिथे मराठीत तो "साहेब ऑडिट लावतील" म्हणून रडतो. ढसाढसा. प्रेक्षकांना काही खटकलं नाही. ऑडिटला रडणारी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

नेर्मिनचा मराठी आवाज टिपणीसबाईंचा, केरेमचा मनोहर रेडकरांचा. दोघांचंही वय नेर्मिनच्या सासूला शोभेल असं; पण आवाजाला कुठे केस असतात पांढरे व्हायला! आणि या कामाची रीत अशी, की दोघांनी एकत्र कधी बोलायचंच नाही. रेडकर सकाळी येऊन आपली वाक्यं बोलून जायचे. बाई दुपारी हेडफोन लावून त्यांचं "तुझ्याशिवाय मी कोण?" ऐकायच्या आणि समोरच्या काचेला उत्तर द्यायच्या. कधी जिन्यात गाठ पडली तर "काय टिपणीसबाई, बरं आहे ना?" आणि "बरं आहे रेडकर, गुडघा काय म्हणतो?" एवढाच प्रणय. जगातली सगळ्यात पेटती वाक्यं ज्या माणसाला उद्देशून बोलल्या, त्याच्याशी बाई गुडघ्याच्या वर कधी गेल्या नाहीत.

दिवाळीनंतर रेडकर झोपेतच गेले. मालिकेचा शेवटचा भाग तेवढा राहिला. त्यात नेर्मिन धक्क्यावर उभी आहे, केरेम होडीत. तो हात पुढे करतो, आणि तिने म्हणायचं, "हो. मीही येते." रेडकरांच्या जागी नवा आवाज आणलाय. गोड आहे. आपण फोन केलेली व्यक्ती सध्या उत्तर देत नाही, हे सांगणारा जो गोडवा असतो, तसला गोड. त्या आवाजाला 'हो' म्हणायला बाईंची जीभ वळेना. जेवणाआधी बरेच टेक झाले. तोंड उघडायचं, पण आत काही नसायचं. शेवटी जगताप म्हणाला, "बाई, तुम्ही जरा पडा."

तर बाई पडल्या आहेत. पापण्या जड होतात. एसीची घुरघुर लांब जाते, जवळ येते, पुन्हा लांब जाते, आणि जाता जाता खोकते.

बाई डोळे उघडतात, किंवा त्यांना तसं वाटतं. काचेपलीकडे माइकसमोर रेडकर उभे आहेत. तोच बदामी बुशशर्ट, वरचं बटण लावलेलं. बाईंना आश्चर्य वाटतं ते एवढ्याचंच, की हे दुपारी कसे?

"रेडकर, तुमची वेळ सकाळची ना?"

रेडकरांचे ओठ हलतात. थांबतात. मग आवाज येतो. "तिकडे वेळबिळ पाळत नाहीत हो, टिपणीसबाई."

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा येतो. समोर मेलेला माणूस उभा आहे म्हणून नव्हे. ओठ आधी आणि आवाज मागून येतोय म्हणून.

"तुम्ही मागे पडताय, रेडकर."

"माहीत आहे. चला, बाहेर बोलू. इथे फार घुमतं."

स्टुडिओचं जाड दार ते खांद्याने ढकलतात. बाहेर जिना नाही. भाजीमंडई आहे, बाईंची नेहमीची, पण तिच्यावर कुणीतरी कापूस अंथरल्यासारखी. गाडे ढकलले जाताहेत आणि चाकांचा आवाज नाही. मेथीवाला तोंड हलवतो, जुडी पुढे करतो, आणि जुडी परत खाली ठेवल्यावर त्याचा आवाज येतो: "घ्या ताई, आत्ताच आलीय."

आवाज रेडकरांचा.

पलीकडचा हमाल "बाजू, बाजू" करत जातो, तोही रेडकरांच्या आवाजात. रताळ्यांचा ढीग मांडणारे आजोबा, शिट्टी हातात धरलेला पोलीस, सगळे रेडकर. बाई स्वतःची समजूत घालतात: यात नवल कसलं? वाहिनी काटकसरी. न्यायाधीश, डॉक्टर, खानसामा, पहिल्या भागात मेलेला सासरा, सगळ्यांना रेडकरांनीच तर आवाज दिलाय. पण मग लिंबांच्या ढिगापाशी दोन बायका भांडताना दिसतात.

"तुझं लक्ष असतं कुठे गं?"

"तुझं असतं तिथे नसतं, एवढं नक्की!"

हा टोमणाही बाईंच्या आवाजात आणि तो टोमणाही बाईंच्याच. दोघी बायका भांडण थांबवून बाईंकडे वळून बघतात. त्यांचे ओठ मिटलेले आहेत, आणि भांडण चालूच आहे.

"बघा," रेडकर जमिनीकडे बघत म्हणतात. लाजल्यासारखे. "जिकडे तिकडे आपण दोघंच."

बाई घाईघाईने पुढे होतात. कोथिंबिरीच्या गाड्याला वळसा घालतात, आणि गाड्याच्या पलीकडे त्यांचं स्वयंपाकघर आहे. टेबलाशी यजमान बसलेत. स्वेटरची बटणं नेहमीसारखी एक घर चुकवून लावलेली. ते बाईंकडे बघून काहीतरी बोलतात.

काही ऐकू येत नाही. बाई वाट बघतात. रेडकरांचा आवाज उशिरा येतो तसा यांचाही येईल. येत नाही.

"अहो, जरा मोठ्याने बोला."

यजमान पुन्हा बोलतात. भुवया उंचावून, हात हलवून, अगदी मनापासून. गॅसवर दूध चढतं, उतू जातं, ओट्यावरून खाली ओघळतं, आणि सगळं मुकाट. बाई त्यांच्या ओठांवर नजर रोखतात. परक्या मुलखातल्या माणसांचे ओठ वाचून पोट भरलेली ही बाई, पण एवढी वर्षं संसार केलेल्या माणसाचे ओठ काही केल्या वाचता येत नाहीत.

"त्यांचा ट्रॅक नाहीये," रेडकर मागून सांगतात.

"मग कधी येणार?"

"तुम्ही आमच्याकडे आलात, की येत नाही."

बाईंच्या तळव्यांना गारवा लागतो. फरशी ओली आहे. दुधाने असेल म्हणून त्या खाली बघतात, तर फरशी नाहीच. लाकडी फळ्या आहेत, फळ्यांच्या फटींतून काळं पाणी वरखाली होतंय. वळून बघतात तर स्वयंपाकघर धक्क्याच्या पार टोकाला, काड्यापेटीएवढं. त्यात यजमान अजून बोलताहेत.

समोर पायऱ्या पाण्यात उतरल्या आहेत. खालच्या पायरीला होडी लागलीय आणि होडीत रेडकर बसलेत. ते कधी पुढे गेले, बाईंना दिसलं नाही.

"कसं आहे हो तिकडे?" बाई विचारतात. काहीतरी विचारायला हवं, आणि गुडघ्याचं विचारणं आता बरं दिसत नाही.

रेडकरांचे ओठ बराच वेळ हलतात. आवाज येतो तो मात्र थोडासाच. "शांत आहे. माणसं चांगली आहेत. पण सगळी आपापल्या मूळ भाषेत बोलतात."

"कुठल्या?"

"ते कळलं असतं तर काय हवं होतं! अक्षर समजत नाही, बाई. हसतात, रडतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. मी आपला मान डोलावतो."

"आणि डबिंग?"

"तिकडे डबिंग नसतं. खाली अक्षरंसुद्धा येत नाहीत."

पाणी होडीला लागून मागे जातं. त्याचा चुबुक आवाज मात्र पाणी गेल्यावर होतो.

"मी सकाळी प्रश्न टाकून जायचो," रेडकर म्हणतात. "उत्तराला कधी थांबलो नाही. ते संध्याकाळी टीव्हीवर ऐकायचो. आमची ही शेजारी लसूण सोलत बसलेली. तुम्ही म्हणायच्या, 'जन्मभर मी तुझीच आहे,' आणि ही म्हणायची, 'अहो, आवाज कमी करा.' मी कमी करायचो. पण ऐकायचो." ते होडीच्या काठावर बोट फिरवतात. "यात पाप नव्हतं ना हो?"

"पाप कसलं? ऑडिट होतं," बाई म्हणतात.

दोघं हसतात. रेडकरांचं हसू मागून येतं. आणि त्याच्याही मागून बाईंचं.

बाईंचा हात गळ्याशी जातो. तोंड केव्हाच मिटलंय, आणि स्वतःचं हसू त्यांना बाहेरून ऐकू येतंय, दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

"पहिल्यांदा जरा विचित्र वाटतं," रेडकर समजुतीने म्हणतात. "मग सवय होते." ते हात पुढे करतात. नखं कापलेला, स्वच्छ, म्हाताऱ्या माणसाचा हात. "मला सोबत हवी आहे, टिपणीसबाई. बोललेलं कळेल असं एक माणूस. येता?"

हे बोलताना त्यांचे ओठ एकदाही हललेले नाहीत.

बाईंचा उजवा पाय आपोआप उचलला जातो आणि शेवटच्या पायरीवर पडतो. पाणी घोट्यापर्यंत येतं, हाडाला भिडणारं. तोंडही आपोआप उघडतं. वाक्याचा आकार ठरलेला आहे. नेर्मिनच्या तोंडावर तो त्यांनी जेवणाआधी कितीदा तरी पाहिलाय. आधी तोंड उघडं, मग ओठ मिटलेले, मग पुन्हा उघडं. हो. मीही येते. खरं सांगायचं तर बाईंना जायचं आहे. एवढ्या आर्जवाने त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. जे विचारलं ते सगळं नेर्मिनला. डावा पायही टाच उचलतो.

आणि बाईंच्या मनात येतं: यजमान स्वयंपाकघरात बसून काय सांगत होते?

काय असेल? दूध उतू जातंय, हेच असेल. किल्ली सापडत नाहीये, हे असेल. त्या माणसाने आयुष्यात याहून पेटतं वाक्य काढलेलं नाही. पण हेसुद्धा आता कधीच ऐकू येणार नाही. तोंड उघडं आहे. उघडलेलं तोंड रिकामं ठेवता येत नाही, धंद्याची अटच आहे ती. आकार बदलता येत नाही. शब्द बदलता येतात. दिराचा मॅनेजर करता येतो.

बाई ओठांवर नजर असल्यासारखं मोजूनमापून बोलतात.

"जा. मी राहते."

'मी'वर ओठ मिटतात. चपखल बसतं. आवाज आणि ओठ एकदम.

रेडकर हात पुढे धरूनच त्यांच्याकडे बघत राहतात. मग हात हळूच मागे घेऊन ते बुशशर्टाचं बटण चाचपतात.

"वा," ते म्हणतात. आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज त्यांच्या ओठांवरून येतो. "एका टेकमध्ये, टिपणीसबाई."

होडी निघते. कुणी वल्ही मारत नाही. लांब गेल्यावर रेडकरांचे ओठ पुन्हा हलताना दिसतात. बराच वेळ, काहीतरी सविस्तर सांगावं तसे. बाई थांबून राहतात. पण तो आवाज काही मागून येत नाही.

"बाई! अहो बाई, चहा निवतोय."

जगताप दोन कप घेऊन उभा आहे. एसी घुरघुरतोय. पडद्यावर नेर्मिन अजून तोंड उघडून थांबलीय. बाई उठून बसतात आणि चहाआधी फोन हातात घेतात.

"अहो, ऐकताय ना? मघाशी काय म्हणत होतात?"

"मी?" पलीकडून यजमान म्हणतात. "मी कुठे काय म्हटलं? तू कामाला गेलीयस, मी झोपलोय."

"मग आता म्हणा काहीतरी."

"काय म्हणू?"

"काहीही."

यजमान विचार करतात. "येताना लिंबं आण," ते म्हणतात.

बाई डोळे मिटून पूर्ण वाक्य ऐकतात आणि फोन ठेवतात. "चल जगताप, घेऊन टाकू. आता म्हणेन मी. जायचंय तर जाऊ दे बापडी नेर्मिनला."

"तरी मी म्हणत होतो, एक डुलकी काढा." जगताप वाकून खाली बघतो. "बाई, इथे पाणी सांडलं का काय?"

सोफ्यापुढच्या जाजमावर पावलाचा ओला ठसा उमटलाय. एकाच पावलाचा. बाई साडीची कड वर घेतात. डावा पाय कोरडा ठणठणीत. उजवा घोट्यापर्यंत ओला, गार, आणि वरून वाळत चाललाय तिथे कातडीवर बारीक पांढरी रेघ. बाई तिच्यावरून बोट फिरवतात आणि जगतापचं लक्ष नाही असं बघून जिभेला लावतात.

खारट.