उशिराची बर्फी
सकाळी कारभारणीनं श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगलं आणि मी मनानं आमच्या धाड गावातल्या स्वयंपाकघरातून थेट शहरातल्या त्या दवाखान्यात, पोरीच्या जन्माच्या दिवसांत जाऊन पोहोचलो.

आमची पोरगी जन्मली तीच बेंबीशेजारी भोक घेऊन, आतडी सगळी बाहेर. किती म्हणाल? धाडहून सोडली असती तर बुलडाण्याला वळसा घालून परत आली असती! माय हळद-तेलाची वाटी घेऊन धावली. गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाई कडाडल्या, "हात लावू नका, आजी!" त्यांनी आतडी ओल्या, स्वच्छ कापडात गुंडाळली, वर प्लास्टिक लावलं आणि आम्हाला शहराकडे पिटाळलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आतडी पारदर्शक पिशवीत घालून पोरीच्या वर टांगली. म्हणाल्या, "पोटात जागा होईल तशी रोज थोडी आत जातील."

माय म्हणाली, "बाई, पोरगी हाय का चक्का?"

तेव्हा त्या पिशवीकडे मला पाहवत नव्हतं. आज वाटतं, तिलाच हात जोडायला हवे होते. आतडी आत गेली, पोट शिवलं, तरी जीव टांगलेलाच. शी होईपर्यंत आतडी चालतात की नाही ते कळणार नव्हतं, आणि तोवर दुधाचा थेंबही नाही.

एका सकाळी नर्स ओरडली, "अहो बाबा, केली पोरीनं शी!"

मी मिठाईच्या दुकानाकडे असा पळालो की रस्त्यातल्या एसट्या मागे पडल्या. जन्माच्या वेळी बर्फी वाटायची कोणाची छाती झाली नव्हती. ती घेऊन आलो तर दवाखान्याच्या दारातच रखवालदारानं विचारलं, "काऊन दादा, पोरगी झाली का?"

"हाव भाऊ," मी म्हणालो, "आजच झाली."