पलंग विकणे आहे

दहाव्याला आलेले पाहुणे जेवले, थोडं रडले आणि आपापल्या गावी गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात झाला. उसन्या आणलेल्या सतरंज्या परत गेल्या. सगळं जिथल्या तिथे लागलं, आणि मग हॉलमध्ये उरला तो पलंग.

दवाखान्यात असतो तसला लोखंडी पलंग होता तो. खाली चाकं, पायथ्याशी दोन हँडल. एक फिरवलं की डोक्याकडची बाजू उचलायची, दुसरं फिरवलं की गुडघ्यांकडची. नाशिकच्या जेल रोडवरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा अर्धा हॉल त्याने अडवला होता. टीव्ही बघायचा तर मान वाकडी करून बघावा लागे, आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाताना अंजलीच्या मांडीला त्याचा कोपरा ठरलेल्या जागी लागत असे. तिथे तिला एक काळानिळा डाग कायमचाच झाला होता.

भिमाबाई, म्हणजे अंजलीच्या सासूबाई, त्या पलंगावर तीन वर्षं होत्या. बाईंनी उभा जन्म विड्या वळल्या, त्यावर मुलगा शिकवला, फ्लॅटची सुरुवातीची रक्कम भरली. मग एका सकाळी उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. डाव्या हाताची बोटं तेवढी चालू राहिली. चादरीचा काठ चिमटीत धरून त्या दिवसभर काहीतरी गुंडाळत असायच्या, पान भरून विडी वळल्यासारखं. अंजली एका खाजगी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती, ती नोकरी तिने सोडली. कूस बदलणं, लघवीची नळी साफ करणं, पातळ पेज भरवणं, पाठीला पावडर लावणं, यात तिचा दिवस उगवायचा आणि मावळायचा. नवरा बुद्धभूषण अंबडच्या कंपनीत शिफ्टला होता. माणूस वाईट नव्हता. सकाळी आईला उचलून बसतं करायचा, तिच्या केसांवरून हात फिरवायचा आणि डबा घेऊन निघायचा. बाकी सगळं अंजलीवर.

"विहाराला देऊन टाकू पलंग," तो म्हणाला. पण विहारात ठेवायला जागा नव्हती. ओळखीच्या एका दवाखान्याने कळवू म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. शेवटी पुण्यात शिकणारी मुलगी, सायली, फोनवर म्हणाली, "मम्मी, तू नुसता फोटो पाठव. मी अ‍ॅपवर टाकते. लोक काहीही घेतात."

अंजलीने पलंगावर धुतलेली चादर घातली, खिडकी उघडली आणि फोटो काढला. सोबत व्हीलचेअर आणि हवेची गादी. सायलीने खाली लिहिलं, पेशंटचा पलंग, उत्तम चालू स्थितीत, विकणे आहे. नंबर अंजलीचा दिला.

दुसऱ्या दिवसापासून फोन आणि मेसेज सुरू झाले. 'आहे का अजून?' असं विचारून माणसं गायब व्हायची. 'लास्ट काय?' असं विचारून त्यावर अर्ध्याहून खाली मागायची. एकाने पलंगाच्या बदल्यात व्यायामाची सायकल देऊ केली. एकाने, मी मोठा साहेब आहे, माझी बदली झाली आहे, हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात जमा होतील, असं गोड आवाजात समजावलं. सायलीने पुण्याहून ओरडून तिला थांबवलं नसतं तर तिने तो केलाही असता. उपनगर भागातून एक गृहस्थ बघायला आले, बूट न काढता पलंगावर आडवे झाले, हँडल फिरवायला लावलं, दोनदा वर खाली होऊन बघितलं आणि म्हणाले, "माझ्या पाठीला नाही जमायचा."

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण जे खरोखर गरजू असायचे ते सगळे फिरून फिरून एकाच प्रश्नावर यायचे.

"कोण वापरत होतं?"

"सासूबाई."

"मग आता त्या?"

"गेल्या."

"असं का. बरं. घरी विचारून कळवतो."

इंदिरानगरच्या एका बाईंनी तर सरळच विचारलं, "यावरच गेल्या का हो?" अंजली हो म्हणाली. पलीकडून लगेच फोन ठेवला गेला.

महिना होत आला. सायली म्हणाली, "मम्मी, सांग ना बऱ्या झाल्या म्हणून. कोण बघायला येतंय?"

"खोटं कशाला?" बुद्धभूषण चहाचा कप खाली ठेवत म्हणाला.

"मग तुम्ही घ्या फोन," अंजलीने मोबाइल त्याच्यासमोर सरकवला. त्याने काही तो उचलला नाही.

मग एका सकाळी देवळ्याहून फोन आला. नवनाथ नाव. वडिलांना अर्धांगवायू झाला होता, दवाखान्यातून घरी आणलं होतं. गावातल्या एकाची पिकअप भाजी घेऊन नाशिकला आली होती, ती रिकामी परत जाणार, तेव्हा आजच बघतो म्हणाला. दुपारी तो आला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, पायांत चिखल वाळलेल्या चपला. दारातच त्या काढून तो आत आला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींना हात जोडले आणि पलंगाजवळ गेला. त्याने पाठीचा भाग वर करून बघितला, चाकं बघितली, मग गादीवर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला.

"ताई, कोनासाठी घेतला व्हता?"

"सासूबाईंसाठी. त्यांनापण तेच झालं होतं. उजवी बाजू."

"मंग?"

अंजली दमली होती. त्या एका क्षणापुरती नव्हे, सगळ्यालाच. ती म्हणाली, "बऱ्या झाल्या."

नवनाथचा चेहरा असा उजळला की तिला भिंतीकडे बघावं लागलं.

"चालायला लागल्या?"

"हो. हळूहळू."

"किती दिवस लागले?"

"लागले सात-आठ महिने. आता पुण्याला असतात, नातीकडे."

त्याने घासाघीस केली नाही. पिकअपचा ड्रायव्हर आणि तो अशा दोघांनी पलंग सुटा करून गादीसकट जिन्यावरून खाली उतरवला. "हळू धर रे, चांगला शे पलंग," तो ड्रायव्हरला सांगत होता. जाताना म्हणाला, "लय उपकार झाले ताई. तुमच्या सासूबाईंचा पायगुण लागंल आमच्या बाबांना."

हॉल एकदम मोठा झाला. फरशीवर चाकांच्या जागी चार गोल डाग होते. अंजलीने ते घासले, पण ते पूर्ण निघाले नाहीत.

आठवडाभराने फोन आला तो नवनाथच्या बायकोचा, लताबाईचा. आवाज खालचा, घाईतला. मागे कुठेतरी शेळी ओरडत होती.

"ताई, तुमच्या सासूबाईंनी पाय पहिल्यांदा कधी हलवला?"

अंजली स्वयंपाकघरात होती. फोन ठेवता आला असता. पण बाई इतक्या आशेने विचारत होती की तिने सांगितलं, दोन महिन्यांनी. आधी अंगठा, मग पाऊल. पुढच्या खेपेला लताबाईने विचारलं, पलंगाच्या कडेला कधी बसल्या. मग विचारलं, पहिलं पाऊल कसं टाकलं, कोणी धरलं होतं. अंजली सांगत गेली. तिला स्वतःलाच नवल वाटलं की सांगताना ते दिसत होतं. भिमाबाई वॉकर धरून बाल्कनीपर्यंत जातायत, खालच्या भाजीवाल्याला हाक मारतायत. फोन चालू असेपर्यंत त्या चालत असायच्या. फोन ठेवला की हॉल रिकामा दिसायचा आणि अंजलीच्या खांद्यांत असं ओझं यायचं की पोळीचं पीठ तसंच झाकून ती बसून राहायची.

नळीची, पाठीच्या जखमांची, भरवायच्या पेजेची माहिती ती खरी द्यायची. ती लताबाईच्या उपयोगी पडत होती, म्हणून अंजली स्वतःची समजूत घालायची की यात वाईट काही नाही.

होळीच्या सुमारास फोन आला तेव्हा लताबाई रडत होती.

"ताई, मी काय कमी करते तेवढं सांगा. दिवसातून दोनदा उभं करतो त्यांना, कमरेला दोर लावून. बाबा रडतात. नको नको करतात हाताने. हे म्हणतात, नाशिकच्या आजी उठल्या, मग आपले बाबा का नाय उठत? तूच नीट करत नाय. भावाच्या मुलीचं लगन आहे, तिथेपण जाऊ नको म्हणतात. सांगा ना, तुम्ही काय केलं होतं?"

अंजलीच्या हातात ओला कपडा होता. ती खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. काही ठरवून ती बोलली नाही. आणखी एक पाऊल, आणखी एक महिना रचण्याचं तिच्यात त्राणच उरलं नव्हतं.

"नाही गं उठल्या त्या," ती म्हणाली. "कधीच नाही उठल्या. तीन वर्षं पडून होत्या. त्याच पलंगावर गेल्या."

अंजलीने हातातला ओला कपडा कट्ट्यावर ठेवला.

"पलंग विकला जात नव्हता, म्हणून मी तसं बोलले. लताबाई, सगळं करून बघितलं होतं आम्ही. फिजिओवाला घरी यायचा. मी एक दिवस कधी चुकवला नाही."

"मग," लताबाई म्हणाली, "मग माझं काही चुकत नव्हतं?"

"नाही गं बाई. काही नाही चुकत."

ती मग मोठ्याने रडली. अंजली ऐकत उभी राहिली. रडणं थांबल्यावर लताबाई म्हणाली, "हे मी त्यांना नाय सांगू शकणार."

"मी सांगते. त्यांना फोन करायला सांग."

संध्याकाळी नवनाथचा फोन आला. अंजलीने बुद्धभूषणकडे बघितलं. तो टीव्हीचा आवाज बंद करून जवळ येऊन बसला. अंजलीने सगळं सांगितलं, कुठेही सावरून न घेता.

"ताई," नवनाथ म्हणाला, "पलंग मी तसाही घेतला असता ना. मला गरजच व्हती. त्याच्यासाठी खोटं कशाला बोललात?"

अंजलीला वाटलं, तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आन् मी घरात काय काय बोललो तिला," तो म्हणाला. मग विचारलं, "बाबा नाय उठणार का मंग?"

"ते मला नाही माहीत, भाऊ. कोणी उठतंही. माझी सासू नाही उठली, एवढंच मला माहीत आहे. पण त्यांना रडवून उभं करू नका. फिजिओवाल्याला विचारून करा."

त्याने फोन ठेवला. बुद्धभूषणने उठून गॅसवर चहा ठेवला, साखर जरा जास्तच टाकली, आणि दोघांनी तो तसाच प्यायला.

त्यानंतर देवळ्याहून काही फोन आला नाही. अंजलीला वाटलं, संपलं. तिने शाळेत चौकशी केली. तिच्या खुर्चीत आता एक तरुण मुलगी होती. दुसऱ्या एका ठिकाणी, टायपिंगच्या क्लासमध्ये, सकाळचं काम मिळालं. व्हीलचेअर अजून बाल्कनीत पडून होती. तिच्याबद्दल येणाऱ्या मेसेजना ती सायलीलाच उत्तर द्यायला सांगे.

एप्रिलच्या कडक दुपारी क्लासहून परत येताना मोबाइल वाजला. लताबाई. आवाज आता घाईतला नव्हता.

"ताई, लग्नाला जाऊन आले मी. नणंद आली होती दोन दिवस बाबांकडे. यांनीच बोलावली."

"बरं झालं गं."

"बरं कसलं! लग्न लागायच्या आधी बसले होते खुर्चीवर, तिथेच झोप लागली. मांडवात. बँड वाजत होता कानाशी. लोक अक्षता टाकून जेवायला गेले तरी मला पत्ता नाही. वहिनीने हलवून उठवलं, म्हणे नवरीला निरोप द्यायचाय, उठ. सगळे हसले मला."

अंजलीही हसली. रस्त्याच्या कडेला, बंद दुकानाच्या सावलीत उभी राहून बराच वेळ हसली.

"आणि बाबा?"

"हायेत तसेच. आता उभं नाय करत. हे सकाळी कूस बदलून मग मळ्यात जातात. मला काही बोलले नाय त्या दिवसाचं, पण करतात. आता एक विचारायचं होतं. पाठीच्या जखमेतून पाणी येतंय थोडं. तुमच्या सासूबाईंना यायचं का?"

"यायचं. पांढरं की पिवळं?"

"पिवळट."

"मग आजच डॉक्टरला दाखव. थांबू नको. आणि त्या बाजूवर निजवू नको आता."

लताबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सुट्टीत या ना ताई देवळ्याला. आमच्या मळ्यात पेरू आहेत. बाबांनापण बघाल."

"बघू," अंजली म्हणाली.

तो पलंग तिला पुन्हा कधीच बघायचा नव्हता, पण ते तिने सांगितलं नाही. पाठीला लावायच्या मलमाचं नाव तिने मेसेजने पाठवलं, आणि मोबाइल पर्समध्ये टाकून रिक्षा शोधू लागली.