आपसात मिटवू

त्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली. कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोत आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांत तेव्हा तीच रड होती. त्याला पुढे कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं, पण हेल्थ इन्शुरन्सशिवाय. मी दातांची डॉक्टर, नागपूरचं चालतं क्लिनिक सोडून आलेली. इथल्या लायसन्सची प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली होती आणि मी जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकचे दात कोरत बसायची.

एके दिवशी भाजी घेऊन परतताना एका गाडीने सिग्नल तोडून माझ्या गाडीला उजवीकडून धडक दिली. खिडकीची काच फुटून माझ्या उजव्या मनगटात घुसली. त्या गाडीतून उतरला तो आमच्याच मराठी मंडळातला, एमएस करणारा मुलगा. आमच्या घरी जेवलेला. "ताई, प्लीज पोलिसांना कॉल नका करू," तो रडत म्हणाला, "माझा इन्शुरन्स लॅप्स झालाय." त्यानेच मला हॉस्पिटलात नेलं. तिथे टाके घातले आणि सांगितलं, आतली नस आणि बोटं हलवणारी कंडरा तुटलीय, हाताच्या सर्जनला ताबडतोब दाखवा.

आमच्या गाडीच्या विमा पॉलिसीत एक कलम होतं. धडक देणाऱ्याकडे विमा नसेल, तर उपचाराचा खर्च आमचीच कंपनी देणार. त्यासाठी आम्ही दर महिन्याला जास्तीचे पैसे भरत होतो. फक्त एक फोन करायचा होता, पण फोनवर त्या मुलाचं नाव सांगावं लागणार होतं.

संध्याकाळी मंडळाचे काका आणि काकू डबा घेऊन आले. "अगं, आपलाच मुलगा आहे," काका म्हणाले. "रिपोर्ट केलंस तर त्याचं लायसन्स जाईल, व्हिसाचं काय होईल कोण जाणे. आपण आपसात मिटवू. कॉन्ट्रिब्यूशन काढतो, सर्जनचं बघतो."

नवऱ्याने डबा आत नेऊन ठेवला. मी गोळ्यांच्या गुंगीत होते, पण खरं सांगायचं तर मलाही चारचौघांत वाईट व्हायचं नव्हतं.

मग आठवडे गेले. फोन केला की काका म्हणायचे, "होईल गं, जरा पेशन्स ठेव." दुसऱ्याच्या हातावर केलेल्या चांगुलपणाचा मला तेव्हापासून भयंकर राग येतो.

शेवटी मीच डाव्या हाताने नंबर फिरवला. कंपनीने इतक्या उशिराचं कारण विचारलं, चौकशी केली आणि पैसे मंजूर केले. सर्जनने ऑपरेशन केलं. "आधी का नाही आलात?" त्याने विचारलं. मराठी मंडळ म्हणजे काय, हे त्याला कसं सांगणार?

परीक्षेची तारीख निघून गेली. त्या मुलाचं लायसन्स काही काळ गेलं, मग तो दुसऱ्या राज्यात नोकरीला लागला. तरी त्याचं वाटोळं मी केलं, असंच सगळीकडे बोललं गेलं. बायकांचे फोन थांबले.

गणपतीला मी हट्टाने गेले. शाळेच्या हॉलमध्ये आरती झाली आणि काकू प्रसाद वाटत माझ्यापर्यंत आल्या. मी डावा हात पुढे केला.

"उजवा हात कर गं," त्या सवयीने म्हणाल्या.

मी केला. त्यांनी तळहातावर खिरापत ठेवली. बोटं मिटली नाहीत, सगळी खिरापत जमिनीवर सांडली. काकू खाली बसून ती गोळा करायला लागल्या. बराच वेळ करत राहिल्या. वर त्यांनी पाहिलंच नाही.