वच्छलाबाईचं शिळं पाणी

वच्छलाबाईसमोर कुणी तांब्यातलं उरलेलं पाणी फेकलं, की म्हातारी अशी खवळते की गल्लीतली पोरं धूम ठोकतात. पण हीच बाई तरुणपणी पाणी कशी उधळायची, ते ऐकाल तर तोंडात बोटं घालाल!

सिल्लोडकडची ही धनगराची लेक. माहेरी नदीच्या वाळूत झिरा उकरायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची. नवरा, मल्हारी, चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला आणि बाईच्या दारात नळ आला. मग काय विचारता! एक दिवसाआड नळ फुसफुसला, की ही आधी रांजण आडवा करायची. परवाचं पाणी म्हणे शिळं! अहो, पाणी काय भाकरी आहे बुरशी यायला?

शेजारी कडुबाची बायको मुक्ताबाई राहायची, बौद्ध समाजाची. तिच्याकडं नळ नव्हता, कोपऱ्यावरच्या सरकारी नळाला रांग लावायची. ती बादली घेऊन यायची, "वच्छलाबाई, गटारात कशाला ओतता? माझ्या बादलीत ओता की, धुणं तरी व्हईल."

"मला येळ नाय, मुक्ते," म्हणत ही पाणी गटारात सोडायची. वेळ भरपूर होता. रांजणाला तिची बादली लागली तर विटाळ होईल, ही खरी भीती. ते मुक्ताबाईलाही कळत होतं. पुढं तिनं बादली आणणंच सोडलं.

मग विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं. त्या दिवशी सकाळी नळ फुसफुसला, वच्छलाबाईनं सवयीनं रांजण रिकामा केला. नळानं दोन गुळण्या टाकल्या आणि गप्प झाला. थोड्या वेळानं भोंग्यावर संचारबंदी पुकारली. मल्हारी कारखान्यातच अडकला. पाणी सोडणारा तरी कसा येणार?

दुपारी तिच्या तीन वर्षांच्या राजीला जुलाब लागले. बघता बघता पोरीचे डोळे खोल गेले, ओठ सुकले. "माय, पानी," एवढंच म्हणत होती. मीठ-साखर घालून पाणी पाजत राहायचं, हे वच्छलाबाईला ठाऊक होतं. मीठ होतं, साखरही होती. तांब्यात घोटभर उरलेलं, तेही पाजून झालं. दारातल्या गटारात सकाळचा चिखल अजून ओला होता. त्याच्याकडं बघून तिला माहेरचा झिरा आठवला आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. आपल्या हातानं लेकीचं पाणी ओतलंस गं, सटवे!

मधली भिंत छातीएवढी. पण मागायचं कुठल्या तोंडानं? मुक्ताबाईच्या माहेरची घरं जाळल्याचा निरोप आदल्याच दिवशी आला होता, रात्रभर रडणं ऐकू येत होतं. वच्छलाबाईनं ते ऐकलं होतं आणि दाराला कडी घातली होती. ती दोनदा भिंतीशी जाऊन परत फिरली. मग राजीनं पाणी मागणंही थांबवलं.

"मुक्ताबाई!" तिनं हाक मारली. 'बाई' पहिल्यांदाच तोंडातून निघालं. "माझी राजी... घोटभर पानी..."

रडून सुजलेल्या डोळ्यांची मुक्ताबाई भरली कळशी घेऊन भिंतीशी आली. देता देता थबकली.

"परवाचं हाय. शिळं चालंल का?"

टोमणा नव्हता हो तो! बिचारी खरंच विचारत होती. टोमणा असता तर वच्छलाबाईला सोसला असता. तिनं मान खाली घालून कळशी घेतली. तिचे हात मुक्ताबाईच्या हातांना लागले, आणि विटाळाचं तिला आठवलंही नाही. संध्याकाळपर्यंत चमच्याचमच्यानं पाजलं, तेव्हा राजीनं डोळे उघडले.

नळ आला त्या दिवशी वच्छलाबाईनं तीच कळशी ताज्या पाण्यानं भरली आणि पहिल्यांदा मुक्ताबाईचा उंबरा ओलांडला. माफी मागायचं घोकून आली होती, पण नुसती कळशीच पुढं केली. मुक्ताबाईनं कळशी घेतली, रांजणावरचं झाकण काढलं. रांजणात तळाशी जुनं पाणी होतं. तिनं ते फेकलं नाही. त्यावरच वच्छलाबाईचं पाणी ओतलं, वर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "पोरगी कशी हाय?"

वच्छलाबाईला वर बघवलं नाही.